शब्द इंग्रजी, शेपूट चेक

प्रश्न आला तो असा: "मी वर्षभर चेक शिकतेय. पुढच्या वर्षी ब्र्नोला एम.एस.साठी येणार आहे. चेक बातम्या आणि तिथल्या मुलांच्या गप्पा वाचते तेव्हा पावलोपावली लाइक, स्ट्रीम, होम ऑफिस असलेच शब्द दिसतात. चेक भाषा आता स्वतःचे नवे शब्द घडवतच नाही का? मराठीसारखीच तिचीही गत झालीय का?"

मी ब्र्नो या चेक शहरात वीसेक वर्षं राहते. चेकमधून भाषांतरं करते आणि सॉफ्टवेअर चेकमध्ये आणणाऱ्या चमूबरोबर काम करते, म्हणजे दिवसभर याच चिखलात पाय असतात. चेक नवे शब्द घडवते, भरपूर घडवते, फक्त कच्चा माल हल्ली इंग्रजीतून उचलते. शब्द कुठून आला एवढंच मोजत बसलात तर चेक बुडाली असं वाटेल. त्याऐवजी शब्दाच्या शेपटीकडे आणि डोक्याकडे बघा, म्हणजे प्रत्यय आणि उपसर्गांकडे. तिथे चेकच राज्य करते. जिथे करत नाही तिथे काळजीचं थोडंफार कारण आहे, त्याकडे नंतर येते.

आधी माझी एक फजिती. पहिल्याच नोकरीत शेजारच्या टेबलावरची मुलगी मला म्हणाली, "चेक्नि तेन मेय्ल." पाठ्यपुस्तकात 'चेकात' म्हणजे वाट पाहणे हे मी घोकलेलं. मला वाटलं, ही म्हणतेय त्या मेलची वाट बघ. मी मुकाट्याने वाट बघत बसले. अर्ध्या तासाने ती आली आणि विचारलं, बघितलास का? ती 'चेकात'चं रूप वापरतच नव्हती. इंग्रजी 'चेक'ला चेकचा '-नोउत' प्रत्यय लावून केलेलं 'चेक्नोउत', म्हणजे एकदा पटकन तपासणे, त्याचं ते आज्ञार्थी रूप होतं. (मराठीत तर भाषाही चेक, बँकेचाही चेक आणि तपासणंही चेक. चेक लोक बँकेच्या चेकला 'शेक' म्हणतात, तेवढाच एक गुंता कमी.)

हा '-नोउत' नीट समजून घ्या, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. चेक क्रियापदाला दोन अंगं असतात: काम चालू असलेलं, आणि काम एका झटक्यात झालेलं किंवा पूर्ण झालेलं. मराठीत आपण 'बघत होते' आणि 'बघितलं' असा फरक काळाच्या रूपांतून दाखवतो. चेकमध्ये त्यासाठी क्रियापदच वेगळं घ्यावं लागतं, बहुतेक क्रियापदांची जोडीच असते. मग इंग्रजीतून शब्द आला की चेक भाषकाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की याची जोडी कुठली? 'लाइक' आलं, लगेच 'लाइकोवात' झालं (लाइक करत राहणे) आणि 'लाइक्नोउत' झालं (एकदा लाइक ठोकणे). कोणीतरी कोणाचे सगळे फोटो एका बैठकीत लाइक केले, तर 'ओलाइकोवात'. हे कुठल्या समितीने ठरवलेलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलांनी ठरवलं, आणि सगळ्यांनी एकसारखंच ठरवलं, कारण व्याकरण आधीच डोक्यात होतं.

सगळ्यात मोठा गोतावळा 'क्लिक'चा आहे. 'क्लिकात' म्हणजे क्लिक करत राहणे, 'क्लिक्नोउत' म्हणजे एकदा करणे. आता पुढे उपसर्ग लावा. 'रोस्क्लिक्नोउत' म्हणजे क्लिक करून उघडणे, 'रोस्' हा उपसर्ग पसरणं-उलगडणं दाखवतो. 'झाक्लिक्नोउत' म्हणजे चौकटीत खूण करणे. 'ओत्क्लिक्नोउत' म्हणजे समोर आलेली खिडकी एकदाची 'ठीक आहे' म्हणून घालवून देणे. न वाचता अटी मान्य करतो ना आपण, त्यासाठी अगदी चपखल. 'प्र्शेक्लिक्नोउत से' म्हणजे चुकून भलतीकडेच क्लिक होणे. 'प्रोक्लिकात से' म्हणजे क्लिक करत करत, वाट काढत एखाद्या पानापर्यंत पोचणे, आणि त्यावरून 'प्रोक्लिक' हे नाम, जे जाहिरातवाले दिवसभर मोजतात. 'नाक्लिकात' म्हणजे नुसतं क्लिक करून काहीतरी उभं करणे. आमच्याकडे एखादी वेबसाइट कोड न लिहिता केली की तुच्छतेने म्हणतात, हे तर नाक्लिकात केलंय. सरकारी फॉर्म भरताना जीव मेटाकुटीला आला की 'उक्लिकात से', क्लिक करून करून थकणे. इंग्रजीत यातल्या प्रत्येकासाठी दोन-तीन शब्द लागतात.

इथे मराठी कानाला एक गोष्ट ओळखीची वाटायला हवी. आपण इंग्रजी शब्दाला 'करणे' किंवा 'होणे' जोडतो. तो शब्द ओसरीवरच बसवून ठेवतो, आत घेत नाही, असं वरवर वाटतं. पण पुढे आपण काय करतो बघा: 'क्लिक करून टाक', 'क्लिक करून बघ', 'क्लिक करत बसलो', 'चुकून क्लिक होऊन गेलं'. चेक जे काम उपसर्गाकडून करून घेते, ते मराठी 'टाकणे, बसणे, जाणे, बघणे' या सहायक क्रियापदांकडून करून घेते. 'ओत्क्लिक्नोउत'चं भाषांतर मी नेहमी 'क्लिक करून टाकणे' असंच करते आणि ते दरवेळी बसतं. म्हणजे मराठीची गत झालीय हे तुमचं म्हणणं मला फारसं पटत नाही, पण तो वेगळा विषय. शिवाय 'गुगलून बघ' आपणही म्हणतोच की. चेकमध्ये त्याचे 'झागुग्लित' (जरा शोधून बघणे) आणि 'विगुग्लित' (शोधून माहिती बाहेर काढणे) असे दोन आहेत. 'वि' म्हणजे बाहेर.

नामांकडे आलं की वेगळीच गंमत सुरू होते. चेक माणसाला दोन शब्दांची नावं आणि आद्याक्षरं तोंडात ठेवायला आवडत नाहीत. तो त्यांचा एक शब्द करतो आणि शेवटी '-का' किंवा '-को' लावतो. एसएमएसचा 'एसेमेस्का' झाला, स्त्रीलिंगी, सातही विभक्तींत चालणारा. त्यावरून 'एसेमेस्कोवात' हे क्रियापद. सीडीचं 'त्सेदेच्को', सिमचं 'सिम्का', फ्लॅश ड्राइव्हचं 'फ्लेश्का'. माझा आवडता शब्द एमपीथ्रीचा: 'एम्पेत्रोय्का'. एम आणि पे ही चेक अक्षरांची नावं, आणि 'त्रोय्का' म्हणजे तीन हा आकडा, जसं आपण पत्त्यांत तिर्री म्हणतो तसा. इंग्रजीचा ठिपका सुद्धा उरला नाही. मॅकडोनाल्ड्सला पोरं 'मेकाच' म्हणतात, जणू कोणी गल्लीतला मित्र.

ही सवय इंग्रजीमुळे लागलेली नाही, ती आधीपासूनची आहे. पूर्वी जर्मनबरोबर हेच व्हायचं. ब्र्नोत ट्रामला 'शालिना' म्हणतात, ते जर्मनमधल्या 'एलेक्ट्रिशे लिनिए'चं, म्हणजे विजेच्या मार्गाचं, ब्र्नोच्या बोलीने चघळून चोथा केलेलं रूप. प्रागवाले 'त्राम्वाय' म्हणतात, तो इंग्रजी ट्रामवे. चेकमध्ये ती स्त्रीलिंगी. तिचा चालक 'त्राम्वायाक' आणि तिचा पास 'त्राम्वायेन्का'. ब्र्नोत उतरल्यावर 'त्राम्वाय' म्हणालात तर कोणी काही बोलणार नाही, पण तुम्ही बाहेरच्या हे कळेल.

जुन्या इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग पण चेकने स्वतःच्या उच्चारासारखं करून टाकलं. वीकेंड, स्वेटर, जीन्स, लीडर, मॅनेजर हे सगळे चेक अक्षरांत असे लिहितात की इंग्रजी माणसाला ओळखू येत नाहीत. जीन्सच्या टोकाला इंग्रजीचा अनेकवचनी 'स' होता, चेकने वर स्वतःचाही अनेकवचनाचा प्रत्यय चढवला: 'जीन्सि'. बटाट्याच्या चिप्सचं तसंच, 'चिप्सि'. इंग्रजीतले केक्स जर्मनमार्गे 'केक्स' म्हणून आले, आणि इथे एका बिस्किटालाच 'केक्स' म्हणतात, अनेक झाली की 'केक्सि'. कॉमिक्सचंही एकवचन 'कोमिक्स'. आपण 'एक कॉमिक्स दे' म्हणतोच.

आणि 'फानोउशेक'. फॅन या शब्दाला चेकने '-ओउशेक' हा लाडका प्रत्यय लावला. झालं असं की फ्रान्तिशेक नावाच्या मुलाला घरात फानोउशेक अशीच हाक मारतात. त्यामुळे हॉकीच्या सामन्यातले हजारो चाहते चेक कानाला हजारो फान्या-गण्यांसारखे ऐकू येत असावेत, असं मला नेहमी वाटतं. बाई चाहती असेल तर 'फानिन्का', आणि ओरडून पाठिंबा देणं म्हणजे 'फान्दित'.

बाईंवरून आठवलं. '-का' हा प्रत्यय इथे स्त्रीलिंगीही करतो आणि तो कोणालाही सोडत नाही. यूट्यूबर पुरुष, तर बाई 'यूट्यूबेर्का'. तसंच 'इन्फ्लुएन्सेर्का', 'मानाझेर्का'. लीडरला मात्र '-का' न लावता 'लीद्रिन्ये' केलं गेलं. आडनावांना '-ओवा': मार्गारेट थॅचर चेक वर्तमानपत्रांत थॅचरोवा होत्या, हिलरी क्लिंटन क्लिंटनोवा. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने कुठल्याही चेक बाईला आडनाव '-ओवा'शिवाय नोंदवता येतं, आणि त्यावरून घराघरांत अजून वाद होतात. त्यात एक बाजू नेहमी म्हणते की '-ओवा' नसेल तर आडनाव विभक्तीत कसं चालवायचं? हे कारण मला सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं. आता वाटत नाही. प्रत्यय लावता आला नाही की चेक माणसाला खरंच कसंतरी होतं.

इंग्रजी आणि चेकचा संबंध १९८९ नंतरचाच, म्हणजे कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरचाच, असं अनेक तरुण चेकही समजतात. तसं नाही. 'आहोय' हे इथलं रोजचं अभिवादन, मित्र भेटला की आहोय, निघाला की आहोय. ती इंग्रजी खलाशांची आरोळी, आणि देशाला समुद्रकिनाराच नाही! दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रविवारी जंगलात जाऊन शेकोटी पेटवणाऱ्या मुलांची चळवळ वाढली, त्यांनी स्वतःला 'त्राम्प' म्हणवून घेतलं, मेळाव्याला 'पोत्लाख' म्हणू लागले, आणि अमेरिकन पश्चिमेचे अर्धे शब्द गोळा केले. खेळांच्या नावांतही तेव्हा झटापट झाली. फुटबॉलला 'कोपाना' (लाथाडलेली), व्हॉलीबॉलला 'ओद्बीयेना' (टोलवलेली), बास्केटबॉलला 'कोशीकोवा' (टोपलीची) असे सुंदर, छोटे शब्द होते. 'कोपाना' अजून ऐकू येतो, बाकीचे दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेत. 'फोत्बाल', 'वोलेय्बाल', 'बास्केत्बाल' जिंकले. अपवाद 'हाझेना', हँडबॉलसाठी. तो शब्द टिकला, कारण त्याच नावाचा एक खेळ चेकांचा स्वतःचा होता.

१९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीत इंग्रजीची दारं बरीच बंद झाली. मग इंग्रजी शब्द मॉस्कोमार्गे आले. शेतातलं मळणी-कापणीचं यंत्र 'कोम्बाय्न' आणि रेल्वेतला 'दिस्पेचेर' हे दोन्ही इंग्रजी, पण रशियनने आणून दिलेले.

या इतिहासात मला सगळ्यात जास्त आवडते ती 'तुनेल'ची कथा, त्यामुळे जरा थांबते. टनेल हा शब्द इंग्रजीच. १९९०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातल्या आणि नंतर चेक प्रजासत्ताकातल्या सरकारी कंपन्या कूपनं वाटून खासगी झाल्या. सामान्य माणूस भागधारक झाला, पण कंपनीची सूत्रं हाती असलेल्यांनी मालमत्ता, पैसा, कंत्राटं आतल्या आत दुसऱ्या, स्वतःच्या कंपन्यांत वळवली. बाहेरून कारखाना उभा, आत पोकळ. लोकांनी त्याला भुयार खणणं म्हटलं: 'तुनेलोवात'. कंपनी पूर्ण रिकामी केली की 'वितुनेलोवात', इथे पुन्हा तो 'वि' म्हणजे बाहेर. हे करणारा 'तुनेलार्श', त्याला जोडलेला तो '-आर्श' प्रत्यय सुतार-कुंभारांच्या धंद्याला लावतात तोच. म्हणजे लुटीचा एक धंदाच ठरला. पुढे २००० साली अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात चार अर्थशास्त्रज्ञांचा निबंध आला, शीर्षक एकच शब्द: 'टनेलिंग'. शब्द चेक प्रजासत्ताकातून घेतलाय हे त्यांनी त्यात सांगितलं. इंग्रजीतून गेलेला टनेल चेकमध्ये प्रत्यय लावून चोर झाला आणि नव्या अर्थासह इंग्रजीत परत आला. रोबोटसारखंच, पण उलटा फेरा. रोबोट हा तर मुळातच चेक, कारेल चापेकच्या १९२० मधल्या नाटकातला, भाऊ योसेफने सुचवलेला, 'रोबोता' म्हणजे वेठबिगारीवरून आलेला.

आता तुमच्या प्रश्नातल्या काळजीकडे. हीच काळजी चेकांनी आधी जर्मनबद्दल केली. १९व्या शतकात युंगमान आणि प्रेस्ल यांच्या पिढीने भाषा नव्याने बांधली. प्राणवायूला 'किस्लीक' आणि हायड्रोजनला 'वोदीक' ही त्याच काळातली नावं, आज शाळेत सर्रास चालतात. अतिरेकही झाला. पियानोला 'क्लाप्कोब्र्झिन्कोस्त्रोय', म्हणजे पट्ट्या-खणखण-यंत्र, हा शुद्धिवाद्यांची खिल्ली उडवायला आजही सांगतात तो शब्द. आपल्याकडे 'अग्निरथगमनागमन...'चा जो विनोद आहे ना, अगदी त्याचा जुळा भाऊ. सावरकरांचे 'महापौर', 'दिग्दर्शक' रुळले आणि विनोदातले शब्द विनोदातच राहिले, तसंच इथेही.

मग १९३२ साली मोठी जुंपली. 'नाशे र्झेच' (आमची भाषा) या मासिकाचे तेव्हाचे संपादक शुद्धिवादी होते, लेखकांची मराठी... माफ करा, चेक तपासून लाल शाईने खोडत बसायचे. त्यांच्याविरुद्ध प्राग भाषाशास्त्र मंडळ उभं राहिलं. १९२६ मध्ये हे मंडळ स्थापन करणारे विलेम माथेसिउस हे प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात कोण होते? इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचं आणि मंडळातल्या इतरांचं म्हणणं असं की शब्दाची कुळी विचारू नका, तो भाषेत कुठलं काम करतो ते विचारा. आज चेक भाषा संस्थेच्या सल्ला केंद्रात फोन करून 'हा इंग्रजी शब्द चालेल का' असं विचारलंत तर बहुतेक वेळा तुम्हाला तो विभक्तीत कसा चालवायचा ते सांगतात.

तरी एका ठिकाणी इंग्रजी खरोखर आत शिरलीय, आणि ते शब्दांत नाही, रचनेत आहे. चेकमध्ये नावं ठेवायची रीत दोन. एक, विशेषण पुढे, त्याला लिंग-वचन-विभक्ती लागलेली, जसं कार्ल पुलाचं. दुसरी, वस्तूचं नाव आधी आणि विशेषनाम मागे: किनो लुत्सेर्ना, होतेल एव्रोपा, ह्राद (किल्ला) कार्लश्तेय्न. २००४ मध्ये प्रागला हॉकीची जागतिक स्पर्धा झाली, त्यासाठी नवं स्टेडियम बांधलं आणि त्याला नाव दिलं 'साझ्का अरेना'. प्रायोजकाचं नाव पुढे, प्रत्ययाशिवाय, अरेना मागे. ही सरळ इंग्रजी बांधणी. शब्द दोन्ही जुने, चेकला ठाऊक असलेले, पण क्रम परका. भाषेच्या अभ्यासकांना तो खटकला, लोकांना नाही. आता 'ऑनलाइन कुर्स', 'फिटनेस सेंत्रुम' असं सगळं त्याच साच्यात येतं: पहिला शब्द दगडासारखा, कशातच चालत नाही. मोटारींच्या कंपनीचं अधिकृत नावही 'श्कोदा आउतो'. तिथे काम करणारे मात्र 'श्कोदोव्का'त काम करतो म्हणतात. साइनबोर्डावर इंग्रजी बांधणी, तोंडात '-ओव्का'.

न चालणारी विशेषणं हा त्याच रोगाचा दुसरा अवतार. 'ट्रेंडी', 'सेक्सी', 'कूल' यांना प्रत्यय चिकटतच नाहीत. कूल तर उच्चाराप्रमाणे चेकमध्ये लिहिला तर त्याचा अर्थ 'खांब' होतो, म्हणून बिचारा इंग्रजी स्पेलिंगमध्येच अडकलाय.

या दगडी शब्दांना खतपाणी घालण्यात आमच्या धंद्याचा मोठा हात आहे, हे मला कबूल करायला हवं. सॉफ्टवेअरची वाक्यं इंग्रजीत तुकड्यातुकड्यांनी येतात: 'अमुकमध्ये उघडा', जिथे अमुकच्या जागी यंत्र कुठल्याही ॲपचं नाव भरणार. इंग्रजीला चालतं. चेकमध्ये त्या नावाला सहावी विभक्ती लागायला हवी, आणि यंत्राला ती लावता येत नाही. मग आम्ही पळवाट काढतो: 'अमुक या ॲप्लिकेशनमध्ये'. विभक्ती 'ॲप्लिकेशन'ने सोसायची, नाव कोरडंच राहतं. दुसरं उदाहरण: 'अमुकने फोटो टाकला'. चेक भूतकाळात कर्त्याचं लिंग दिसतं, यंत्राला ते माहीत नसतं, म्हणून क्रियापदापुढे तिरकी रेघ मारून स्त्रीलिंगी 'आ' ठेवतात. वीस वर्षं लोक रोज हे वाचतात. परिणाम होणारच. मराठीत काम करणाऱ्यांनाही हे दुखणं ठाऊक आहे, सामान्यरूप न होता 'ने' आणि 'ला' चिकटवलेली नावं आपण रोज फोनवर वाचतो.

सरकारी चेकमध्ये 'ए-' हा उपसर्ग जोरात आहे. २०१८ पासून डॉक्टरांना औषधाची चिठ्ठी 'ए-रेत्सेप्त' द्यावी लागते, २०२० पासून आजारपणाचा दाखला 'ए-नेस्खोपेन्का'. हा दुसरा शब्द नीट बघा. 'प्रात्सोव्नी नेस्खोप्नोस्त', कामास असमर्थता, हे दोन शब्द पिळून '-का' लावून 'नेस्खोपेन्का' केला, तो पूर्ण चेक. त्याच्या डोक्यावर इंग्रजीचा 'ई-मेल'मधला 'ए' बसवला. लिहितानाही 'ए' छोटा आणि 'न' मोठा लिपीत, फोनच्या जाहिरातीसारखा. अर्धा शब्द कारखान्यातल्या कामगाराचा, अर्धा जाहिरात कंपनीचा.

'-इंग'बद्दल थोडक्यात: 'त्रेनिंक', 'मीतिंक' असे जुने शब्द शेवटी 'क' लावून लिहितात, कारण चेकमध्ये शब्दाच्या टोकाचा 'ग' हा 'क' असा उच्चारला जातो. नवे मात्र 'ग'नेच लिहिले जातात आणि चेकचा स्वतःचा '-ओवानी' त्यांच्याशी झुंजत असतो. 'स्ट्रीमिंग' आणि 'स्त्रीमोवानी' दोन्ही चालतात. कंपनीच्या पत्रकात पहिला, मुलांच्या तोंडी दुसरा.

'होम ऑफिस' हा इंग्रजांना ऐकवला तर ते घरातल्या अभ्यासिकेबद्दल बोलताय समजतील. घरून काम करणं या अर्थाने तो चेकांनी स्वतःच ठरवला, जर्मनांप्रमाणे. कामगार कायद्यात २०२३च्या दुरुस्तीत 'प्रात्से ना दाल्कु', दुरून काम, हा साधा चेक शब्दप्रयोग आहे. तो फक्त करारात आढळतो. बोलताना सगळे 'ना होम ऑफिसु' असतात. लिहिताना इंग्रजी स्पेलिंगचं शेवटचं 'ई' उडवून तिथे चेकचा सहाव्या विभक्तीचा 'यू' लावतात, आणि चेक नियमाने वाचलं तर उच्चार 'ओफित्सु' व्हायला हवा, पण कोणी तसा करत नाही.

तुम्ही आल्यावर एक करा. नवा इंग्रजी शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ कोणाला विचारू नका, तो तुम्हाला ठाऊकच असतो. त्याचं लिंग विचारा आणि जोडीचं क्रियापद विचारा. चेक राष्ट्रीय कॉर्पस (खऱ्या चेक मजकुराचा मोठा साठा), चार्ल्स विद्यापीठाचा, १९९४ पासूनचा आणि मोफत, त्यात शब्द टाकलात की खऱ्या वाक्यांतली सगळी रूपं दिसतात. 'शो' स्त्रीलिंगी का, असे प्रश्न तिथे सुटत नाहीत, पण निदान लोक कसं बोलतात ते कळतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे 'चॅटबॉट'वरून तासभर वाद झाला. चेकमध्ये पुल्लिंगी नामांत सजीव आणि निर्जीव असे दोन गट आहेत, दोघांचं अनेकवचन वेगळं. रोबोटचंही तसंच: माणसासारखे चालणारे-बोलणारे 'रोबोति', आणि स्वयंपाकघरातलं कणीक मळायचं यंत्रसुद्धा रोबोटच, पण त्यांचं अनेकवचन निर्जीव गटातलं. फरक लिहिताना दिसतो आणि उच्चारातही. आता बटणावर लिहायचं होतं 'आमचे चॅटबॉट तुम्हाला मदत करतील'. तरुण मुलं म्हणाली, तो उत्तरं देतो, सजीवच. संपादक म्हणाल्या, तो कणीक मळायच्या यंत्राचा भाऊ आहे. शेवटी मत घेतलं, पाच विरुद्ध दोन, सजीव. संपादकांनी फाइल सेव्ह केली, म्हणजे तिथल्या भाषेत 'सेय्व्नोउत' केली, आणि टिपणात लिहिलं: पुढच्या आवृत्तीत पुन्हा बघू.